तेलावर वसलेल्या कुवेतमध्ये लोडशेडिंग का झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२४ च्या जूनमध्ये कुवेतमध्ये वेळापत्रक लावून भागाभागातली वीज बंद ठेवावी लागली. ज्या देशाच्या जमिनीखाली जगातल्या तेलसाठ्यापैकी सहा-सात टक्के साठा आहे, तिथे वीज कमी पडतेच कशी? नदी नाही, तर पाणी कुठून येतं? तेलाचा भाव पडला तर सरकारचा गाडा किती दिवस चालेल? विचारणाऱ्यांचा मुलगा तिथल्या वीज-पाणी प्रकल्पात देखभालीच्या कामावर जाणार आहे, म्हणून त्याच्या उपयोगाचंही काही सांगा, असं त्यांनी म्हटलं आहे.

कुवेतचा कारभार कळायचा असेल तर तेलाच्या विहिरीपासून सुरुवात करू नका. जुलैतल्या दुपारी तीन वाजता देशाची वीज किती चढते आणि ती कशावर तयार होते, तिथून सुरुवात करा. पाणी, घरं, पगार, अंदाजपत्रक हे सगळे धागे तिथे येऊन मिळतात.

आधी जमीन पाहू. क्षेत्रफळ १७,८१८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा किंचित मोठा देश. लोकवस्ती ४९ लाखांच्या आसपास, त्यात कुवेती नागरिक साधारण एक तृतीयांश. बाकीचे बाहेरून आलेले, आणि त्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा, सुमारे दहा लाख. उत्तरेला आणि पश्चिमेला इराक, दक्षिणेला सौदी अरेबिया, पूर्वेला आखात. एकही नदी नाही, तलाव नाही. पाऊस वर्षाला सरासरी ११०-१२० मिलिमीटर, तोही नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये आणि लहरी. वायव्येकडच्या मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ ला ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. आंतरराष्ट्रीय तपासणीत मान्य झालेल्या सर्वांत वरच्या आकड्यांपैकी तो एक आहे. जमीन पश्चिमेकडून समुद्राकडे हळूहळू उतरते. वाळूखाली बऱ्याच ठिकाणी चुनखडीने घट्ट झालेला थर लागतो, त्याला तिथे ‘गच’ म्हणतात. आपल्या मुरमासारखाच तो फोडायला त्रास देतो, पण पायाला आधार चांगला देतो. किनाऱ्यालगत मात्र खारवट दलदलीचे सपाट पट्टे आहेत, त्यांना ‘सबखा’ म्हणतात. तिथल्या पाण्यात क्लोराइड आणि सल्फेट दोन्ही भरपूर असतात. पायाचं काँक्रीट नेहमीच्या सिमेंटचं केलं तर काही वर्षांत गज गंजून काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. म्हणून स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंट, गजांवर काँक्रीटचं जास्तीचं कव्हर आणि बाहेरून वॉटरप्रूफिंगचं आवरण हे तिन्ही लागतं. उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओततात आणि मिश्रणातल्या काही पाण्याऐवजी बर्फाचा चुरा घालतात. तसं केलं नाही तर पंपाच्या नळीतच ते आवळायला लागतं.

तेलाचा भाग तुलनेने सरळ आहे. अँग्लो-पर्शियन आणि गल्फ ऑइल या दोन कंपन्यांनी मिळून १९३४ मध्ये कुवेत ऑइल कंपनी काढली. फेब्रुवारी १९३८ मध्ये बुर्गान इथे तेल लागलं. युद्धात विहिरी बुजवून ठेवल्या होत्या, त्यामुळे पहिलं जहाज भरून गेलं ते ३० जून १९४६ ला. १९७५ मध्ये कंपनी पूर्णपणे सरकारची झाली आणि १९८० मध्ये सगळ्या तेल कंपन्या कुवेत पेट्रोलियम कॉर्पोरेशनच्या छत्राखाली आल्या. बुर्गान हे सौदीच्या घवारनंतरचं जगातलं दुसरं मोठं तेलक्षेत्र. तेल वालुकाश्मात, फार खोल नाही, आणि अनेक दशकं स्वतःच्या दाबानेच वर येत होतं.

इथली एक रचना तर शाळेच्या पुस्तकात घालावी अशी आहे. अहमदीचा उंचवटा समुद्रसपाटीपासून सुमारे १२० मीटरवर आहे. तेलाच्या टाक्या या उंचवट्यावर बांधल्या आणि बंदर खाली किनाऱ्यावर. टाकीतून जहाजात तेल भरायला पंप लागत नाही, उतारानेच ते खाली जातं. बॅरलमागे खर्च कमी येण्यात या उताराचा वाटा आहे.

पण आता बुर्गान जुनं झालं आहे. तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्याचं प्रमाण वाढलं आहे. गॅदरिंग सेंटरमध्ये तेल, वायू आणि पाणी वेगळं करायचं, तेलातलं मीठ धुवून काढायचं, उरलेलं खारं पाणी पुन्हा जमिनीत सोडायचं, हे काम दरवर्षी वाढतं. बऱ्याच विहिरींत आता पंप उतरवावे लागतात. उत्पादनक्षमता रोजची ३० लाख बॅरलच्या घरात असली तरी ती टिकवायलाच खूप ड्रिलिंग लागतं. निर्यातीच्या तेलात गंधक सुमारे अडीच टक्के, म्हणून शुद्धीकरणात हायड्रोजन वापरून ते काढणाऱ्या युनिटवर मोठा पैसा गेला आहे. मिना अल-अहमदी आणि मिना अब्दुल्ला या जुन्या रिफायनऱ्या नव्याने सज्ज केल्यावर मिळून रोज ८ लाख बॅरलच्या झाल्या. शुऐबाची जुनी रिफायनरी २०१७ मध्ये बंद केली. आणि अल-झोरची नवी रिफायनरी एकटी ६ लाख १५ हजार बॅरलची आहे. अल-झोर उभारण्यामागचा मूळ हेतू ध्यानात घ्यायला हवा: देशातल्या वीज केंद्रांना कमी गंधकाचं फर्नेस ऑइल पुरवायचं. जुनी केंद्रं जड, गंधकयुक्त तेल जाळायची आणि धुराचा त्रास शेजारच्या वस्त्यांना व्हायचा.

कुवेतमध्ये तेल मुबलक आहे, गॅस पुरेसा नाही. त्यांचा बहुतेक गॅस तेलाबरोबर येणारा आहे. तेल निर्यातदार देशांच्या संघटनेच्या, म्हणजे ओपेकच्या करारामुळे तेल कमी काढायचं ठरलं की गॅसही आपोआप कमी येतो. नेमकं उन्हाळ्यात वीज केंद्रांना गॅस हवा असतो. उत्तरेकडे खोल थरांत २००६ मध्ये स्वतंत्र गॅस जाहीर झाला, पण तो फार दाबाखाली आणि हायड्रोजन सल्फाइड असलेला, त्यामुळे काढायला अवघड आणि महाग. म्हणून हा देश २००९ पासून एलएनजी, म्हणजे थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू आयात करतो. आधी तरंगत्या टर्मिनलवर, आणि २०२१ पासून अल-झोरच्या कायमच्या टर्मिनलवर. वर्षाला २ कोटी २० लाख टन क्षमतेचं हे टर्मिनल आहे, प्रत्येकी सव्वादोन लाख घनमीटरच्या आठ टाक्या. कतारशी दीर्घ मुदतीचे करार झाले आहेत. तेल विकायचं आणि गॅस विकत घ्यायचा, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशेबात बरोबर बसतं: जे तेल घरी जाळायचं तेच बाहेर विकलं तर जास्त पैसे येतात.

आता पाण्याकडे येतो, कारण विजेइतकंच तेही याच भट्टीत तयार होतं.

१९५० च्या आधी कुवेतचं गोडं पाणी लाकडी गलबतांतून येत असे. इराकमधल्या शत्त अल-अरबमधून टाक्या भरून आणायच्या आणि गाढवावरच्या पखालींतून गल्लोगल्ली विकायच्या. १९३९ मध्ये त्यासाठी रीतसर कंपनीच निघाली होती. १९५३ मध्ये शुवैख इथे समुद्राचं पाणी गोडं करणारा पहिला सरकारी कारखाना सुरू झाला, रोज १० लाख गॅलनचा. तिथेच १९६० मध्ये मल्टी-स्टेज फ्लॅश, म्हणजे एमएसएफ पद्धतीची युनिट बसली. ही पद्धत व्यवहारात आणणाऱ्या जगातल्या पहिल्या ठिकाणांपैकी हे एक. पुढे साऱ्या आखाताने तीच उचलली.

तिचं काम असं चालतं. समुद्राचं पाणी जाळीतून गाळून, क्लोरीन देऊन आत घेतात. इथलं पाणी लिटरला ४२ ते ४५ ग्रॅम क्षारांचं. मोकळ्या महासागरात ते ३५ असतं. पाणी एका पाठोपाठच्या दालनांतल्या नळ्यांतून पुढे जाताना तापत जातं आणि शेवटी ब्राइन हीटरमध्ये टर्बाइनमधून काढलेल्या कमी दाबाच्या वाफेने ९० ते ११० अंशांपर्यंत चढवलं जातं. मग ते पहिल्या दालनात सोडतात. तिथे दाब कमी असल्याने त्यातलं थोडं पाणी झटक्यात वाफ होतं, वरच्या गार नळ्यांवर टिपूस धरतं आणि खालच्या पन्हाळीत गोळा होतं. उरलेलं खारं पाणी पुढच्या, आणखी कमी दाबाच्या दालनात जातं. अशी वीस-चोवीस दालनं.

साध्या हिशेबाने सांगायचं तर एक टन वाफ दिली की साधारण आठ टन गोडं पाणी मिळतं. कुवेतमध्ये पाणी अजून इंपीरियल गॅलनमध्येच मोजतात. १० लाख गॅलन म्हणजे ४,५४६ घनमीटर. रोज ६० लाख गॅलनचं एक युनिट घेतलं तर ताशी सुमारे १,१४० टन पाणी झालं, आणि त्याला ताशी १४० टनांच्या आसपास वाफ लागली. ती वाफ बॉयलरमधून येते, बॉयलर तेल किंवा गॅसवर चालतो. उन्हाळ्यात सबंध देशाला रोज ४५ ते ५० कोटी गॅलन पाणी लागतं. यातला मोठा भाग अजूनही वाफेच्या पद्धतीने होतो, म्हणून इंधन किती जळत असेल याचा अंदाज येईल. नव्या आरओ, म्हणजे दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून (मेंब्रेनमधून) गाळणाऱ्या प्रकल्पांना घनमीटरला तीन-चार युनिट वीज पुरते, बॉयलर लागत नाही. मग सगळं आरओ का करत नाहीत? कारण उथळ, गढूळ, जास्त क्षारांचं आणि उन्हाळ्यात ३५ अंशांपर्यंत तापणारं पाणी मेंब्रेनला मानवत नाही. शेवाळाची लाट किंवा तेलाचा तवंग आला की आरओ आधी बंद पडतो. एमएसएफ बरंच सहन करतं. आता पूर्वप्रक्रिया सुधारली आहे आणि पुढचे प्रकल्प आरओकडे झुकत आहेत. हा बदल आणखी वेगाने व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

देखभालीवर जाणाऱ्या मुलाने एमएसएफचे नेहमीचे आजार ओळखून ठेवावेत. पहिला, नळ्यांत क्षार बसणं. अँटीस्केलंटचा, म्हणजे क्षार बसू न देणाऱ्या रसायनाचा डोस कमी पडला किंवा तापमान मर्यादेच्या वर गेलं की नळीच्या आत कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा थर चढतो. खूण अशी की तेवढंच पाणी काढायला ब्राइन हीटरला वाफेचा दाब दिवसेंदिवस जास्त लागतो. हा कल रोज कागदावर उतरवून ठेवला तर त्रास आठवडाभर आधी कळतो. चालू युनिटमध्ये स्पंजच्या रबरी गोळ्या फिरवून नळ्या घासतात. गोळ्या झिजून नळीपेक्षा बारीक झाल्या की नुसत्या फिरतात, घासत काहीच नाहीत, म्हणून त्या मापून बदलायच्या. थर जाडच झाला तर युनिट थांबवून आम्लाने धुवावं लागतं, आणि तेव्हा तांब्या-निकेलच्या नळ्या खाल्ल्या जाऊ नयेत म्हणून आम्लात इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) घातलेला आहे ना, हे स्वतः पाहायचं. दुसरा आजार, व्हॅक्यूममध्ये हवा शिरणं. फ्लँजची गॅस्केट, दालनांमधल्या भिंतीची वेल्डिंग, पंपाचं ग्लँड, कुठूनही. उत्पादन घसरतं आणि गंजही वाढतो. तिसरा, तयार पाण्याची कंडक्टिव्हिटी, म्हणजे त्यातल्या क्षारांची खूण असलेली वीजवाहकता अचानक चढणं. एकाच दालनानंतर चढली तर नळी फुटली आहे किंवा डेमिस्टरची, म्हणजे वाफेतले खारे थेंब अडवणारी जाळी सरकली आहे. सगळीकडेच चढली तर खाऱ्या पाण्याची पातळी वर गेली आहे. मर्यादा ओलांडली की झडप ते पाणी आपोआप समुद्राकडे वळवते. हे वळवणं बायपास करण्याचा मोह कोणीही, कितीही घाईत असलं तरी करू नये.

एमएसएफचं पाणी जवळजवळ डिस्टिल्ड असतं. तसंच पाइपात सोडलं तर ते पाइपचंच लोखंड आणि सिमेंट खातं. म्हणून त्यात थोडं मचूळ भूजल मिसळतात, आम्लता दुरुस्त करतात आणि मग पाठवतात. शहरात दोन जाळी आहेत, एक गोड्या पाण्याचं, दुसरं मचूळ पाण्याचं, बागांसाठी आणि बांधकामासाठी. पट्ट्यापट्ट्यांचे, मशरूमच्या आकाराचे जे जलकुंभ दिसतात ते असे ३१ आहेत, प्रत्येकी ३,००० घनमीटरचे. १९७९ मध्ये खुले झालेले कुवेत टॉवर्स, ज्यांचा उंच टॉवर १८७ मीटरचा, तेही याच व्यवस्थेचा भाग. त्यांच्या दोन मोठ्या गोलांत पाणी साठवलेलं असतं. सांडपाण्यासाठी सुलैबियाचा प्रकल्प २००४ च्या सुमारास झाला, रोज ३ लाख ७५ हजार घनमीटरचा, शेवटच्या टप्प्यात आरओ असलेला. ते पाणी शेतीला जातं. अब्दली आणि वफ्रा इथल्या हरितगृहांतली काकडी-टोमॅटो बऱ्याच अंशी अशाच पाण्यावर उभी आहेत.

एवढं सगळं असूनही साठ्यात असलेलं गोडं पाणी महिन्याभराचंही नसतं, काही दिवसांचं असतं. म्हणून वीज केंद्र बंद पडलं तर अडचण फक्त अंधाराची नसते. वाफ थांबली की पाणीही थांबतं.

आता मूळ प्रश्नाकडे. २०२४ मध्ये कमाल मागणी १७,००० मेगावॉटच्या वर गेली. हिवाळ्यात हीच मागणी निम्म्याहून कमी असते. कमाल वेळेच्या मागणीत सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा एअर कंडिशनिंगचा. बाहेर ५० अंश असताना एसीचा कंडेन्सर उष्णता बाहेर टाकू शकत नाही, त्याची थंड करण्याची ताकद घटते आणि ओढलेली वीज वाढते. त्याच वेळी गॅस टर्बाइनला मिळणारी हवा पातळ आणि गरम असल्याने तिचं उत्पादनही घटतं, ट्रान्सफॉर्मरचं तेल तापतं, केबलची क्षमता कमी होते. मागणी सर्वांत जास्त त्याच तासाला पुरवठ्याची ताकद सर्वांत कमी, हे वाळवंटातल्या ग्रिडचं मूळ दुखणं. तिथे एसी घेताना ‘टी-३’ हे रेटिंग पाहतात, म्हणजे बाहेर ४६ अंश धरून मोजलेली क्षमता. आपल्याकडचं ३५ अंशांवर मोजलेलं दीड टनाचं मशीन तिथे दीड टन राहत नाही.

त्यात भर म्हणजे देखभालीचं वेळापत्रक. मोठ्या ओव्हरहॉलसाठी ऑक्टोबर ते मे एवढीच खिडकी मिळते. निविदा उशिरा निघाली, सुटा भाग अडकला, की युनिट मेपर्यंत खुलंच राहतं. २०२५ मध्ये तर एप्रिलमध्येच, अनेक युनिट देखभालीत असताना उकाडा लवकर आला आणि काही भागांत वीज कापावी लागली. नवीन केंद्र उभारणीलाही अनेक वर्षं उशीर झाला; खासगी भागीदारीतला अल-झोर नॉर्थचा पहिला टप्पा, सुमारे १,५०० मेगावॉट, २०१६ मध्ये आला आणि त्यानंतर मोठी भर पडायला फार वेळ लागला. इकडे वसाहती वाढत राहिल्या. एकट्या मुतला शहरात २८ हजारांहून अधिक भूखंड आहेत. नागरिकाला ४०० चौरस मीटरचा भूखंड आणि ७० हजार दिनारचं बिनव्याजी कर्ज मिळतं, त्यावर तीन मजली घर उभं राहतं आणि मजल्यागणिक एसीची युनिट बसतात.

आणि दर? नागरिकांच्या घरगुती विजेचा दर युनिटला २ फिल्स. हा १९६६ पासून बदललेला नाही. एक दिनार म्हणजे १,००० फिल्स. जुलैत एखाद्या बंगल्याने १०,००० युनिट वापरली तर बिल २० दिनार. तयार करायचा खर्च याच्या कित्येक पट. या दरात कोणी खिडकीला दुहेरी काच का लावेल, गच्चीवर इन्सुलेशन का करेल? इमारतींसाठी ऊर्जा संहिता १९८३ पासून आहे, आणि ती चांगली आहे. पण दर तसाच ठेवून संहितेकडून किती अपेक्षा ठेवायची? माझ्या मते लोडशेडिंगचं सर्वांत खोल कारण हेच आहे. केंद्रांची कमतरता त्याच्या वर दिसणारी गोष्ट आहे.

तात्पुरता आधार शेजाऱ्यांचा असतो. आखाती देशांचं ग्रिड २००९ पासून जोडलेलं आहे. कुवेत ५० हर्ट्‌झवर, सौदी ६० वर, त्यामुळे सौदीला जोडायला तिथल्या फाधिलीला एचव्हीडीसीचं, म्हणजे वीज आधी डीसीत बदलून मग दुसऱ्या वारंवारतेवर देणारं केंद्र लागलं. या जोडणीतून उन्हाळ्यात वीज विकत घेतात. सौरऊर्जेचा शगाया प्रकल्प आजवर ७० मेगावॉटचा, त्यात ५० मेगावॉट औष्णिक सौर, १० पॅनेल आणि १० पवन. ऊन भरपूर आहे, पण धुळीचं वादळ आलं की पॅनेलचं उत्पादन एका दिवसात घसरतं आणि धुवायला परत पाणी लागतं, म्हणून कोरड्या ब्रशचे रोबोट वापरायचा कल आहे.

धुळीचा आणखी एक त्रास नव्या माणसाला माहीत नसतो. वादळानंतर इन्सुलेटरवर खारट धुळीचा थर बसतो. दिवसभर काही होत नाही. पहाटे समुद्राकडून दमट हवा आली, दव पडलं, की तोच थर ओला होऊन वीज वाहायला लागतो आणि ओव्हरहेड लाइन झटक्यात ट्रिप होते. त्यावर उपाय म्हणजे चालू लाइनवरच शुद्ध पाण्याच्या फवाऱ्याने इन्सुलेटर धुणं, आणि चिनी मातीऐवजी सिलिकॉन रबराचे इन्सुलेटर बसवणं.

रस्त्यांचं जाळं समजायला जुनी तटबंदी आठवायची. १९२० मध्ये शहराभोवती अर्धवर्तुळाकार मातीचा तट बांधला होता. १९५२ चा विकास आराखडा तीन ब्रिटिश नियोजकांनी केला, १९५७ मध्ये तट पाडला, दरवाजे तेवढे ठेवले, आणि तटाच्या रेषेवर पहिला रिंग रोड आला. पुढचे रिंग रोड त्याच अर्धवर्तुळाला बाहेरून गुंडाळत गेले. रेल्वे नाही. कुवेतच्या खाडीपलीकडे, उत्तरेला सुबियाकडे जाणारा शेख जाबेर पूल मे २०१९ मध्ये सुरू झाला, दुसऱ्या फाट्यासकट ४८.५ किलोमीटर, तो ज्या नव्या शहरासाठी बांधला ते शहर मात्र अजून उभं राहायचं आहे. बुबियान बेटावरचं मुबारक अल-कबीर बंदरही बरीच वर्षं अर्धं आहे. आणि पावसाला कमी लेखू नका: नोव्हेंबर २०१८ च्या पावसात भुयारी रस्ते भरले, डांबर सुटून खडी गाड्यांच्या काचांवर उडायला लागली, आणि बांधकाम खात्याच्या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. वर्षभर वाळूने भरत राहणारी गटारं पहिल्या पावसाआधी उपसली नाहीत तर असं होणारच.

पैशाचा हिशेब आता सोपा होईल. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात खर्च सुमारे २४.५ अब्ज दिनार, उत्पन्न १८.२ अब्ज, तूट ६.३ अब्ज. तेलाचा भाव बॅरलला ६८ डॉलर धरला होता आणि खर्च-उत्पन्न जुळायला ९०.५ डॉलर लागतील असं सरकारनेच सांगितलं. हे पडताळून पाहता येतं: रोज २५ लाख बॅरल धरले तर भावातला १ डॉलर म्हणजे वर्षाला सुमारे ९१ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास २८ कोटी दिनार. साडेबावीस डॉलरचा फरक गुणला की ६.३ अब्ज दिनारच येतात. खर्चाचा पाचपैकी चार भाग पगार आणि अनुदानांवर जातो, आणि नोकरी करणाऱ्या कुवेतींपैकी बहुसंख्य सरकारी नोकरीत आहेत. वैयक्तिक आयकर नाही, व्हॅट नाही. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर १५ टक्के किमान कर जानेवारी २०२५ पासून आला.

मग देश बुडेल का? नजीकच्या काळात नाही, कारण साठवण मोठी आहे. १९५३ मध्ये लंडनमध्ये नेमलेलं गुंतवणूक मंडळ हा जगातला पहिला सार्वभौम निधी, म्हणजे देशाच्या मालकीचा गुंतवणूक निधी मानला जातो. १९७६ पासून ‘भावी पिढ्यांचा निधी’ आहे, त्यात दरवर्षी उत्पन्नाचे १० टक्के जात. २०२० मध्ये नियम बदलून फक्त शिलकीच्या वर्षी टाकायचं ठरलं. १९९० च्या इराकच्या आक्रमणात सरकार देशाबाहेर असताना याच गुंतवणुकीवर लढा आणि नंतरची उभारणी झाली. परत जाताना इराकी सैन्याने सहाशेहून जास्त विहिरी पेटवल्या होत्या; शेवटची आग ६ नोव्हेंबर १९९१ ला विझली. अडचण रोखीची होती: कर्ज काढायचा कायदा २०१७ मध्ये संपला आणि संसदेत नवा होईना. मे २०२४ मध्ये संसद बरखास्त झाली आणि मार्च २०२५ मध्ये हुकुमाद्वारे ३० अब्ज दिनारपर्यंत कर्जाची मुभा आली. खरी भौगोलिक जोखीम वेगळी आहे. सौदीला तांबड्या समुद्रापर्यंत नळ आहे, अमिरातीला फुजैरापर्यंत. कुवेतची सगळी निर्यात होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच जाते, दुसरी वाट नाही.

आपल्याशी जुना धागाही आहे. १९६१ पर्यंत तिथे रुपयाच चालायचा; १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला होता. १ एप्रिल १९६१ ला दिनार आला तो १३⅓ रुपयांना एक या हिशेबाने. कुवेतची गलबतं मलबारच्या सागवानाची, खजूर आणि मोती मुंबईच्या बाजारात यायचे.

मुलासाठी आता कामाचं. देखभालीच्या कंत्राटात ऑक्टोबर ते मे हा धावपळीचा काळ, त्यात रजा मिळणं कठीण. सुट्टीचं तिकीट जून-जुलैचं धरा, पण विजेच्या कमाल मागणीच्या काळात शिफ्टवाल्यांना तेव्हाही थांबवतात, ते आधी विचारून घ्या. १ जून ते ३१ ऑगस्ट सकाळी ११ ते ४ उघड्यावर काम करायला बंदी आहे; कंत्राटदाराने त्या वेळेत बाहेर पाठवलं तर तक्रार करता येते. राहायची जागा कंपनी देणार असेल तर मजल्यावर किती माणसं, जिना उघडा आहे का, गच्चीचं दार कुलुपात असतं का, हे आधी गेलेल्या माणसाकडून कळून घ्या. जून २०२४ मध्ये मंगाफमधल्या कामगारांच्या इमारतीला लागलेल्या आगीत चाळिसाहून जास्त भारतीय गेले, त्यामुळे हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

खासगी कंपनीचा व्हिसा म्हणजे कलम १८ चा. त्यावर असलेल्या माणसाला १ जुलै २०२५ पासून देश सोडताना मालकाच्या मंजुरीचा ऑनलाइन परवाना लागतो. घरी अचानक निघावं लागलं तर यात वेळ जाऊ शकतो, म्हणून अर्ज कुठल्या ॲपवर आणि कोणाच्या सहीने मंजूर होतो ते पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवावं. सेवासमाप्तीची रक्कम २०१० च्या कायद्याप्रमाणे अशी: पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे १५ दिवसांचा पगार, नंतरच्या प्रत्येक वर्षाला एक महिन्याचा, एकूण मर्यादा दीड वर्षाच्या पगाराची. दिवसाचा पगार काढताना महिना २६ दिवसांचा धरतात. ३०० दिनार पगार आणि सात वर्षं नोकरी असेल तर पहिल्या पाच वर्षांचे ८६५ आणि पुढच्या दोन वर्षांचे ६००, मिळून सुमारे १,४६५ दिनार. स्वतः राजीनामा दिला तर पाच ते दहा वर्षांच्या नोकरीला यातले दोन तृतीयांश, म्हणजे ९७७ च्या आसपास. तीन ते पाच वर्षांना निम्मे. तीनच्या आत काही नाही. पगाराच्या करारात मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवले असतील तर या हिशेबावरून वाद होतात, म्हणून सही करण्यापूर्वी अरबी मजकुरातला मूळ पगाराचा आकडा कोणाकडून तरी वाचून घ्यावा. वाद झाला तर अरबी प्रतच ग्राह्य धरतात.